एम३४०आय, सी४३ की वापरलेली एस५ स्पोर्टबॅक? एका डॉक्टरांच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही नाशिकला डॉक्टर. गाडी स्वतः चालवता, ड्रायव्हर ठेवायचा नाही. घरात चौघं, दोन्ही मुलं उंचीने तुमच्या बरोबरीला आलेली. महिन्यातून तीन-चारदा मुंबई, अधूनमधून छत्रपती संभाजीनगर आणि कोल्हापूर. बजेट ऑन-रोड एक कोटी, "मन बसलं तर थोडं वर". यादीत नवी बीएमडब्ल्यू एम३४०आय, नवी मर्सिडीज-एएमजी सी४३ आणि तीनेक वर्षं वापरलेली ऑडी एस५ स्पोर्टबॅक. सोबत एक्सेल शीट. त्यात ० ते १०० च्या वेळेला ३० गुण, फीचर्सना ३०, किमतीला ४०. बेरीज केली तर पहिल्या दोन गाड्या जवळजवळ बरोबरीत येतात आणि तुम्ही तिथेच अडकला आहात.

ती शीट आधी बंद करा. एका रकान्यातली उणीव दुसऱ्या रकान्यातल्या गुणांनी भरून निघते, हे बेरजेत गृहीत धरलेलं असतं. गाडीत तसं होत नाही. मागे बसलेल्या मुलाचं डोकं छताला लागत असेल, तर ० ते १०० मध्ये वाचलेल्या ०.२ सेकंदाने ते लागायचं थांबत नाही. बरीच वर्षं जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काढली आणि आता लोकांना गाडी घेण्याआधी तपासून देतो, त्या अनुभवावरून माझी पद्धत साधी आहे. आधी चाळणी लावायची. घरच्यांना बसता येत नाही, रोजच्या रस्त्यावर खाली घासते, किंवा एकूण खर्च झेपत नाही, ती गाडी तिथेच बाद. चाळणीतून जे उरेल त्याचीच तुलना करायची. पैसे मोजताना नियम एकच: जे नंतर बसवून मिळत नाही त्याला पहिला मान. म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी यंत्रणा), सस्पेन्शन, ब्रेक, सीट. स्क्रीन, रंगीत दिवे आणि स्पीकर यांचा नंबर शेवटी.

आता आकड्यांकडे वळू. एम३४०आय मध्ये ३.० लिटरचं, सहाही सिलिंडर एका रांगेत असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत ते ३७४ पीएस ताकद आणि ५०० न्यूटन-मीटर टॉर्क (चाकं फिरवणारा पिळाचा जोर) देतं आणि ० ते १०० ला ४.४ सेकंद लागतात. सी४३ मध्ये २.० लिटर, चार सिलिंडर, ४०८ पीएस, ५०० न्यूटन-मीटर, ४.६ सेकंद. एस५ मध्ये ३.० लिटरचं व्ही६ (तीन-तीन सिलिंडर 'व्ही' आकारात मांडलेलं), ३५४ पीएस, ५०० न्यूटन-मीटर, ४.८ सेकंद. वजन तिघींचं पावणेदोन टनांच्या आसपास आणि तिन्हीत ताकद चारही चाकांना जाते. तुमच्या शीटमध्ये सी४३ पुढे ४०२ लिहिलंय, तो बीएचपीचा आकडा आहे, आणि एम३४०आय पुढचा ३७४ हा पीएसचा. दोन्ही ताकदीचीच मापं, पण थोडी वेगळी. एकाच परिमाणात घेतलं तर फरक तुम्हाला वाटला त्याहून थोडा मोठा आहे. ब्रोशरमध्ये ही गल्लत नेहमीची.

पण ० ते १०० चा आकडा मिळतो कसा? लाँच कंट्रोल (थांबलेली गाडी जास्तीत जास्त जोरात सोडणारी सोय) चालू, डाव्या पायाने ब्रेक दाबून ठेवलेला, उजव्याने ॲक्सिलरेटर तळाला, रस्ता कोरडा आणि मोकळा. नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका सर्कलला हे कोण करणार? शिवाय ४.४ आणि ४.८ मधला फरक घड्याळाला कळतो, पाठीला नाही. आणि आकडाच विकत घ्यायचा असेल, तर मार्च २०२४ मध्ये ५३ लाख एक्स-शोरूमला आलेली बीवायडी सील परफॉर्मन्स ३.८ सेकंदात १०० गाठते. ती यादीत नाही, म्हणजे तुम्हाला आकडा नकोय, दुसरं काहीतरी हवंय. ते काय हवंय, ते आधी स्वतःशी ठरवा.

माझ्या मते पाहण्यासारखा आकडा वेगळाच आहे, आणि तो ब्रोशरच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो. टॉर्क तिन्ही गाड्यांत ५०० न्यूटन-मीटरच आहे, पण तो मिळतो कुठे? एस५ मध्ये १,३७० ते ४,५०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे). एम३४०आय मध्ये १,९०० ते ५,०००. सी४३ मध्ये पूर्ण ५०० मिळतात ते ५,००० आरपीएमला. कसारा घाटात ट्रकच्या मागे ५० च्या वेगाने चढताना इंजिन दोन हजारांच्या आसपास फिरत असतं. पुढे फट दिसली की एस५ आणि एम३४०आय तिथल्या तिथे पूर्ण जोर लावतात, बऱ्याचदा गिअर न बदलताही. सी४३ ला एक-दोन गिअर खाली यावं लागतं, आरपीएम चढावा लागतो, मग ती सुटते. सुटल्यावर मात्र तिला आवरणं कठीण. पावणेसात हजारांपर्यंत ती ज्या आवेशाने चढते, त्याची मजा बाकी दोघींत नाही.

सी४३ वर अन्याय नको म्हणून एक खुलासा. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा. तिच्या टर्बोच्या दांड्यावर, टर्बाइन आणि कॉम्प्रेसरच्या मधोमध एक बारीक विजेची मोटर बसवलेली आहे. एक्झॉस्टचा जोर यायच्या आधीच ४८ व्होल्टच्या विजेवर ती टर्बो फिरवायला लागते. हे तंत्र फॉर्म्युला वनच्या इंजिनातून आलेलं. त्यामुळे पाय दाबला आणि गाडी विचार करत बसली, असं होत नाही. पण दोन लिटरचं इंजिन ते दोन लिटरचंच. ते ताकद देतं फिरून. तीन लिटरची इंजिनं न फिरता देतात. तुम्ही सकाळी सहाला एकटे त्र्यंबकेश्वरच्या पुढच्या वळणांवर जाणारे असाल तर पहिलं आवडेल. चौघांना घेऊन मुंबई गाठायची असेल तर दुसरं. तुमच्या प्रश्नात चौघांचा प्रवास जास्त दिसतो.

आवाजाबद्दल थोडंच. रांगेतल्या सहा सिलिंडरचं इंजिन मुळातच संतुलित असतं, कंपनं एकमेकांना मारून टाकतात. एम३४०आय थंडीत सुरू करून बॉनेटवर हात ठेवा, कळेल. एएमजीची जुनी सी४३ व्ही६ होती आणि तिचा आवाज डोक्यात ठेवून आलेले लोक नव्या चार सिलिंडरवर हिरमुसतात. आतून स्पीकर थोडी मदत करतात. ते चालवून घ्यायचं की नाही, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न.

गिअरबॉक्सकडे लोक फार कमी लक्ष देतात. एम३४०आय आणि एस५ मध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा भाग) असलेला आठ गिअरचा ऑटोमॅटिक आहे. सी४३ मध्ये नऊ गिअर, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच. वेगात तो खटाखट गिअर टाकतो. पण भिवंडी बायपासला सरकत-थांबत जाताना, किंवा पार्किंगच्या चढावर इंच-इंच मागे घेताना त्याची थोडी ओढाताण जाणवू शकते. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह नेहमी मोकळ्या रस्त्यावर असते, म्हणून हे तिथे कळतच नाही. संध्याकाळी साडेसहाला टेस्ट ड्राइव्ह मागा. सेल्समन कुरकुरेल. कुरकुरू द्या.

आता रस्ता आणि टायर. नवऱ्याला बॉनेटखालचं कौतुक आणि बायकोला रोजचा हादरा, ही या वर्गातल्या गाड्यांची ठरलेली तक्रार, आणि बहुतेक वेळा तिचं मूळ टायरमध्ये असतं. मापात २५५/३५ लिहिलं असेल तर टायरची भिंत २५५ च्या ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ८९ मिलिमीटर. २२५/४५ असेल तर १०१. रिम एक इंच लहान घेतली तर साधारण एवढा, बारा मिलिमीटरचा, रबर वाढतो. आणि पावसाळ्यानंतरच्या आपल्या रस्त्यांवर तेवढ्यानेच रिम वाचते आणि टायरला फुगा येत नाही. रिमचा एखादा लहान पर्याय त्या गाडीला चालतो का, हे कंपनीच्या मॅन्युअलमध्ये आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर बघा. दिसायला मोठी रिम छान दिसते यात वाद नाही. बिल आलं की कमी छान दिसते.

बीएमडब्ल्यूला रन-फ्लॅट टायर असतील तर हवा गेल्यावरही ८० च्या वेगाने साधारण ८० किलोमीटर जाता येतं, पण भिंत कडक असल्यामुळे खड्ड्याचा दणका जास्त. तुमच्या समृद्धीच्या फेऱ्यांमध्ये हा मुद्दा बिनकामाचा नाही. तिथे रात्री पंक्चर झालं तर शेजारी टपरी नसते. गाडीत स्टेपनी आहे, पंप आणि द्रावणाची बाटली आहे, की दोन्ही नाही, ते डिकीचं झाकण उचलून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मागचे-पुढचे टायर वेगळ्या मापाचे असले तर त्यांची अदलाबदल करता येत नाही, मागचे लवकर संपतात, आणि टायरचा खर्च वाढतो. आणखी एक गोष्ट बाहेरचे टायरवाले सांगत नाहीत: चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत एक टायर नवा आणि तीन झिजलेले असं चालत नाही. घेर वेगळा पडला की ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी सतत राबत राहते आणि शेवटी जाते. ती बदलायचा खर्च टायरच्या सेटच्या कितीतरी पट. टायरवर बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ अशी खूण असते. ती असलेलेच टायर घ्यावेत, निदान वॉरंटीत असेपर्यंत.

खाली घासण्याचं म्हणाल, तर ग्राउंड क्लिअरन्सचा छापील आकडा रिकाम्या गाडीचा असतो. चौघं बसले, डिकी भरली, की गाडी खाली बसते. म्हणून टेस्ट ड्राइव्हला घरचे सगळे घेऊन जा, आणि तुमच्या सोसायटीच्या गेटवरचा, हॉस्पिटलच्या रॅम्पवरचा आणि तुमच्या भागातला सर्वांत वाईट स्पीडब्रेकर तिच्यावरूनच ओलांडा. तिरकी घालून निघत असेल तर ठीक. तरीही घासली तर पुढची चर्चा थांबवा.

मागच्या सीटचा निकालही त्याच फेरीत लागेल. एम३४०आयचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २,८५१ मिलिमीटर आहे. पायाला जागा बेताची, पण बसता येतं. सी४३ चा २,८६५, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. एस५ स्पोर्टबॅकचं छत मागे उतरतं, त्यामुळे उंच मुलांच्या डोक्याची गाठ तिथेच पडते. उलट तिची डिकी काचेसकट वर उघडते. कागदावर ४६५ लिटर म्हणजे एम३४०आयच्या ४८० पेक्षा कमी, पण कोल्हापूरहून परत येताना त्यात मोठी बॅग आडवी-तिडवी न करता सरळ जाते.

फीचर्सवर तुम्ही ३० गुण ठेवलेत, मी पाच ठेवले असते. तिन्हीत गरजेचं सगळं आहे. बघायचं ते एवढंच की गाडी चालवताना एसीचं तापमान रस्त्यावरून नजर न काढता बदलता येतं का. एस५ मध्ये त्यासाठी हाताला लागणारी बटणं आहेत. एम३४०आयच्या सुधारित आवृत्तीत हे काम १४.९ इंचांच्या वळणदार स्क्रीनमध्ये गेलं, सी४३ मध्येही बरंचसं मधल्या उभ्या ११.९ इंची स्क्रीनमधून. इथे जुनी गाडी जिंकते, हे कुणी ब्रोशरमध्ये लिहिणार नाही. एप्रिलमध्ये संभाजीनगरला जाणार असाल तर काचेच्या मोठ्या छतापेक्षा थंड हवा सोडणारी सीट जास्त कामाची. ती तुमच्या नेमक्या व्हेरिएंटमध्ये आहे का, हे सेल्समनच्या तोंडून नको, गाडीत बटण दाबून बघा.

काही गोष्टी फीचर्सच्या यादीत दडून बसतात, पण त्या खरं तर यंत्र आहेत. एम३४०आयचं मागचं एम स्पोर्ट डिफरन्शियल वळणातून बाहेर पडताना बाहेरच्या चाकाला जास्त ताकद पोचवतं. सी४३ ची मागची चाकं अडीच अंशांपर्यंत वळतात. कमी वेगात पुढच्या चाकांच्या उलट, म्हणून गल्लीत यू-टर्न सोपा. जास्त वेगात त्याच दिशेने, म्हणून लेन बदलताना गाडी स्थिर. एस५ ला स्पोर्ट डिफरन्शियल हा ऑप्शन होता. जी गाडी बघाल तिच्यात आहे का, ते चॅसिस नंबरवरून अधिकृत वर्कशॉपकडून काढून घ्या. या तीन गोष्टी नंतर बाजारातून आणून बसवता येत नाहीत. स्पीकर येतात.

आता पैसा. इथेच तुमची शीट सर्वांत जास्त फसवते, कारण तिच्यात एक्स-शोरूम किमती आहेत.

एम३४०आय बीएमडब्ल्यूच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात जोडली जाते. सी४३ आणि एस५ पूर्ण तयार होऊन परदेशातून येतात. पूर्ण आयात गाडीवरचं शुल्क सुट्या भागांवरच्या शुल्काच्या कितीतरी पट असतं, म्हणजे सी४३ च्या किमतीचा मोठा हिस्सा गाडीत नाहीच, सरकारी तिजोरीत आहे. हे इथेच संपत नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी रोड टॅक्स आहे, पण आयात गाडीला सरसकट २० टक्के. बाजारात आल्या त्या वेळच्या किमती घेऊन बघा. सुधारित एम३४०आय डिसेंबर २०२२ मध्ये ६९.२० लाखांना आली. १३ टक्के म्हणजे साधारण ९ लाख, एकूण ७८.२०. सी४३ नोव्हेंबर २०२३ मध्ये ९८ लाखांना. २० टक्के म्हणजे १९.६० लाख, एकूण १ कोटी १७.६० लाख. एक्स-शोरूममध्ये २८.८० लाखांचा दिसणारा फरक आरटीओच्या खिडकीतून बाहेर पडताना ३९.४० लाखांचा होतो. विमा अजून धरलेलाच नाही, आणि तोही किमतीच्या प्रमाणातच वाढतो.

हे आकडे आजचे नाहीत, हिशोबाची रीत दाखवायला घेतले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या पेट्रोल सेडानवरचा कर बदलला. आधी २८ टक्के जीएसटी आणि २० टक्के सेस मिळून ४८ व्हायचे, आता सरळ ४० टक्के. त्यामुळे त्याआधीच्या व्हिडिओत सांगितलेली कुठलीही ऑन-रोड किंमत रद्दी समजा आणि शोरूमकडून ताजं, सही-शिक्क्याचं कोटेशन घ्या. त्यात एक टक्का टीसीएस (शोरूमने तुमच्या नावे आगाऊ गोळा केलेला आयकर) दिसेल. तो खर्च नाही, रिटर्न भरताना वळता होतो.

तुम्ही "क्लिनिकच्या नावावर घेतली तर?" असंही विचारलं आहे. क्लिनिक तुमची स्वतःची प्रोप्रायटरशिप असेल तर गाडी तुमच्याच वैयक्तिक नावावर नोंदते आणि रोड टॅक्स १३ टक्केच लागतो. प्रायव्हेट लिमिटेडच्या नावावर घेतली की भारतात जोडलेल्या गाडीलाही २० टक्के. घसारा दोन्हीकडे मिळू शकतो, पण जीएसटीचा परतावा अशा गाडीवर मिळत नाही. तुमच्या सीएंना एकदा विचारा, आणि विचारताना सात टक्क्यांचा हा फरक त्यांच्यासमोर ठेवा. एम३४०आयसारख्या गाडीवर तो जवळपास पाच लाखांचा आहे.

पुढच्या पाच वर्षांचा खर्च लिहिताना चार ओळी धरा: विमा, सर्व्हिसिंग आणि वाढीव वॉरंटी, टायर-ब्रेक, आणि विकताना किती येतील. पहिल्या तीन ओळी शोरूममधून लेखी मिळतात. विम्याचं कोटेशन शोरूमचं एक आणि बाहेरचं एक घ्या; झिरो डेप्रिसिएशन (क्लेममध्ये भागांची झीज वजा न करणारं कलम), इंजिन संरक्षण आणि चोरी किंवा पूर्ण नुकसान झाल्यास मूळ बिलाची रक्कम देणारं कलम दोन्हीकडे सारखं ठेवूनच तुलना करा. इंजिन संरक्षण आपल्याकडे पावसाळ्यामुळे टाळू नका. चौथी ओळ अंदाजाची, पण एक गोष्ट पक्की: आयात गाडी विकताना पुढचा गिऱ्हाईक तुमचं आयात शुल्क तुम्हाला परत देत नाही. आणि म्हणूनच तुमचा तिसरा पर्याय मुळात विचारात घेण्यासारखा आहे.

एस५ स्पोर्टबॅक मार्च २०२१ मध्ये ७९.०६ लाख एक्स-शोरूमला आली होती. शुल्क आणि रोड टॅक्स पहिल्या मालकाने भरून टाकला आहे. त्यामुळे चांगली सांभाळलेली मिळाली तर एवढ्या यंत्रासाठी एवढे कमी पैसे दुसरीकडे लागणार नाहीत. गाडी महाराष्ट्र पासिंगचीच बघा. बाहेरच्या राज्यातली घेतली तर एनओसी आणि इथला टॅक्स पुन्हा भरणं, आणि मग सगळा फायदा वाहून जातो.

तपासताना काय बघायचं ते सांगतो, कारण इथे घाई महाग पडते. चॅसिस नंबरवर अधिकृत वर्कशॉपमधला पूर्ण सर्व्हिस इतिहास काढा आणि विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहासही. किलोमीटरचा काटा मागे फिरवलेला असेल तर स्कॅनर लावून कळतं, कारण गाडीतली वेगवेगळी कंट्रोल युनिट किलोमीटर आपापल्याकडे नोंदवून ठेवतात आणि सगळ्यांत हात घालायचे कष्ट सहसा कुणी घेत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र फिरवा. टायर कधी बनला ते सांगणारे त्याच्यावरचे चार आकडे बघा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. चारही टायर एका वेळचे नसतील तर मघाशी सांगितलेली ती पेटी नीट ऐकून बघा, गोल-गोल सावकाश फिरवताना ओढते का, टकटक येते का. या व्ही६ चा टर्बो इंजिनाच्या दोन बाजूंच्या मधल्या खाचेत बसतो, तिथे उष्णता भरपूर, म्हणून रबरी नळ्या, सांधे आणि कूलंटची पातळी बारकाईने पाहा. गोडसर वास आला तर गाडी सोडा. सीटच्या पट्ट्या पूर्ण बाहेर ओढा. टोकाला चिखलाची रेघ दिसली तर गाडी पुरात बुडालेली आहे, मग किंमत कितीही कमी असो. हे सगळं गाडी लिफ्टवर घेऊन, विकणाऱ्याच्या ओळखीच्या नव्हे, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून.

आणि नाशिकच्या माणसाने आणखी एक प्रश्न विचारायलाच हवा: बिघाड झाला तर गाडी कुठल्या शहरात न्यावी लागेल आणि ती उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेड ट्रकचे पैसे कुणाचे? तिन्ही कंपन्यांचं उत्तर वर्कशॉपचा पत्ता आणि रोडसाइड असिस्टन्सच्या अटी यांसकट लेखी घ्या. सुटा भाग परदेशातून यायचा असेल तर गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. घरात दुसरी गाडी आहे का, यावर ते किती बोचेल हे ठरतं.

पेट्रोलबद्दल एकच. आता पंपावर साधं पेट्रोल ई२० च, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं, आहे. गाडी त्याला चालते असं झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमध्ये लिहिलंय का, आणि किमान ऑक्टेन (पेट्रोल वेळेआधी पेट न घेण्याचं माप) किती सांगितलंय, ते बघा. ऑक्टेन कमी पडलं तर इंजिन स्वतःला जपण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेतं आणि ज्या ताकदीचे पैसे भरले ती गुपचूप कमी होते. एम३४०आयचं इंजिन ट्यूनिंगवाल्यांचं लाडकं आहे, तुम्हाला पहिल्या महिन्यातच कुणीतरी "फक्त सॉफ्टवेअर टाकू" म्हणेल. वॉरंटी असेपर्यंत नाही म्हणा.

तर माझं मत. सी४३ तुमच्यासाठी नाही. गाडी वाईट म्हणून नव्हे. तिच्यासाठी द्यायचे जादा पैसे ज्या गोष्टींसाठी जातात, त्यातला मोठा भाग शुल्क आहे, आणि उरलेला भाग अशा चालवण्यासाठी आहे जे तुम्ही चौघांना घेऊन करणार नाही. तुमचं बजेटही ती ओलांडते. पहिली पसंती एम३४०आय, मागची सीट आणि स्पीडब्रेकर या दोन परीक्षांत ती उतरली तर. एस५ दुसरी, पण नेमकी गाडी पाहून; मनासारखी तीन महिन्यांत सापडली नाही तर शोध थांबवा, कारण थकलेला माणूस चौथ्या महिन्यात भलतीच गाडी उचलतो.

आणि मुलांनी मागे बसून तोंड वाकडं केलं तर? मग एक नाव सुचवतो, तुम्हाला आवडणार नाही. बीएमडब्ल्यूच्याच शोरूममध्ये लांब व्हीलबेसची ३३०एलआय एम स्पोर्ट असते. व्हीलबेस २,९६१ मिलिमीटर, म्हणजे ११० मिलिमीटर जास्त, आणि ते सगळे मागच्यांच्या गुडघ्यांना मिळतात. २.० लिटर, २५८ पीएस, ४०० न्यूटन-मीटर, ० ते १०० ला ६.२ सेकंद. सहा सिलिंडरची मजा नाही. समृद्धीवर सपाट भागात मर्यादा १२० ची आहे, तिथे ती आरामात पोचते, आणि पैसेही बरेच वाचतात. एम३४०आय चालवल्यावर लगेच ही चालवू नका, नाहीतर उगाच फिकी वाटेल. उलट क्रमाने घ्या.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी ते वर तुकड्यातुकड्याने आलंच आहे. फक्त एवढं जोडा की समृद्धीच्या सिमेंटच्या पट्ट्यावर १०० च्या वेगाने पाच मिनिटं रेडिओ बंद करून जा. रुंद टायरचा त्या रस्त्यावरचा घुमणारा आवाज मुंबईपर्यंत तुमच्या सोबत असणार आहे. ८० वरून सरळ ११० पर्यंतचा जोर तिथेच आजमावा, आणि मोकळं, सुरक्षित दिसेल तिथे एकदा जोरात ब्रेक मारून गाडी सरळ थांबते का पाहा.

बुकिंग करताना फॉर्मवर व्हेरिएंट, टायरचं माप, स्टेपनी आणि गाडीचा उत्पादनाचा महिना लिहून घ्या. पाडव्याच्या मुहूर्तावर दिलेली गाडी आधल्या वर्षीची असू शकते आणि तिच्यावर सूट मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. आरसीवर महिना छापला जातोच. आरटीओ पासिंगच्या आधी गाडी यार्डात जाऊन दिवसाउजेडी तपासा, लिफ्टवर घेऊन खालूनही. एकदा नोंदणी झाली की खरचटलेल्या रिमबद्दल किंवा पुन्हा रंगवलेल्या बंपरबद्दल तुमचं म्हणणं ऐकून घेण्याची शोरूमला फारशी घाई राहत नाही.